ठकीचा ट्रे

माझ्या धाकट्या नणंदेबद्दल लिहायचं तर आधी आमच्या स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलाबद्दल लिहायला हवं, कारण माझ्या आयुष्याचा बराच मोठा भाग तिने मला त्या स्टुलावर बसवून ठेवण्यात घालवला आहे.

स्टूल साधंच आहे. एक पाय किंचित आखूड, त्यामुळे बसणाऱ्याला सतत सावध राहावं लागतं. संध्याकाळी ती इस्पितळातल्या कामावरून आली, एक चप्पल दारात आणि एक पॅसेजमध्ये पडली, आणि चेहरा कुणीतरी खिसा कापल्यासारखा दिसला की मी समजायचे.

"वहिनी, बस," ती म्हणायची. मी बसायचे.

"बोलू नकोस." मी बोलायचे नाही.

मग ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारत ती तिच्या संगणकाच्या प्रोग्राममध्ये कुठे काय अडलंय ते मला सांगत सुटायची. मला त्यातलं काही कळावं अशी तिची अपेक्षाच नव्हती. "समोर कुणीतरी माणूस लागतं," असं तिचं म्हणणं. "भिंतीला सांगून होत नाही, मी करून पाहिलंय." अर्धंअधिक सांगून होईपर्यंत चूक तिची तिलाच सापडायची. की वाक्य तिथंच टाकून बाईसाहेब आपल्या खोलीत. आभार वगैरे काही नाही. मी आपली स्टुलावर, आणि मागे दूध उतू गेलेलं.

एकदाच, अगदी सुरुवातीच्या काळात, मी मध्ये बोलले होते. "मग तो आकडा आधीच का नाही तपासत?" एवढंच. ते बरोबर होतं की चूक, हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण तिची तंद्री मोडली आणि त्यानंतर घरात जे काही बिघडलं, अगदी मोरीच्या नळापर्यंत, त्या सगळ्याचं खापर माझ्या त्या वाक्यावर फुटलं. तेव्हापासून नियम झाला: बसायचं, ऐकायचं, बोलायचं नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला पाठ ताठ ठेवून, हात मांडीवर घेऊन, तोंडातून अक्षर न काढता बसायला शिकवलं होतं. नन्सना वाटलं असेल, प्रार्थनेच्या कामी येईल.

घरात तिला ठकी म्हणतात. ठकी म्हणजे लाकडी बाहुली. लहानपणी फोटो काढताना ती अशी ताठ बसायची की सासूबाईंनी हे नाव ठेवलं. साठीला टेकली तरी ते गेलं नाही. प्रत्यक्षात तिच्याइतकी अस्वस्थ बाई मी पाहिलेली नाही. ताठ बसायचं काम पुढे माझ्याकडे आलं.

तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची, जसं काही गॅसवर झाकण ठेवायचं राहून गेलं. इस्पितळात टायपिस्ट म्हणून लागली. पुढे तिथे संगणक आले तेव्हा बाकीचे दूर उभे राहून बघत होते. हिने खुर्ची ओढून घेतली आणि सोबत आलेली जाडजूड पुस्तकं एकेक करून वाचून काढली. वाचताना पान उलटायला बोट जिभेला लावायची, ते पाहून माझ्या अंगावर काटा यायचा. यथावकाश इस्पितळाचे सगळे प्रोग्राम तीच लिहू लागली.

तिच्या स्वभावातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एकच काम दोनदा करणं हा तिच्या लेखी गुन्हा आहे. एका वर्षी तिने मला वाढदिवसाचं कार्ड दिलं. सुंदर होतं. दोन महिन्यांनी माझ्या नवऱ्याच्या वाढदिवसाला तेच कार्ड माझ्या कपाटातून काढून, माझं नाव खोडून, त्यांना दिलं. "मजकूर तोच असणार ना?" वर हे. "परत कशाला लिहायचा?"

अशा माणसाला इस्पितळाने एका शिक्षणवर्गाला पाठवलं, आणि तिथे तिला इनहेरिटन्स नावाची गोष्ट भेटली.

त्या आठवड्यात आम्हाला जेवण धड गेलं नाही. वर्गातून आली की ताटावर बसून सुरू. प्रोग्राम लिहिताना प्रत्येक वस्तूचं एक वर्णन करायचं असतं म्हणे: तिच्यात काय काय असतं आणि तिला काय काय करता येतं. त्या वर्णनाला क्लास म्हणायचं. आणि इनहेरिटन्स म्हणजे, एक वर्णन आधीच लिहिलेलं असेल तर दुसरं त्याच्यावरून घ्यायचं.

"एक ओळ, दादा! एकच ओळ. लिहायचं की हा त्याचाच एक प्रकार आहे. की त्याला जे जे करता येतं ते सगळं ह्याला फुकट."

"फुकट म्हटल्यावर तुला आवडणारच," माझे यजमान म्हणाले.

"पण वाटेल तिथे वापरायचं नाही. शिकवणाऱ्या बाईंनी कसोटी दिलीय. 'आहे' की 'जवळ आहे'? सायकल हे वाहन आहे. बरोबर वाटतं ना कानाला? मग घे वाहनावरून. पण सायकलला चाक आहे. म्हणून सायकल हा चाकाचा प्रकार होत नाही. चाक सायकलच्या आत ठेवायचं, वेगळी वस्तू म्हणून."

"मग मी कोण?"

"तू नवरा आहेस."

"आणि ही?"

"वहिनीला नवरा आहे."

"आता काय करणार," मी म्हणाले, आणि हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. आज ते नाहीत, पण सायकल दिसली की मला तो ठसका ऐकू येतो.

कसोटी तिने आम्हा सगळ्यांना लावली. दूधवाल्याला लावली, मांजरीला लावली. एका ठिकाणी लावायची राहिली, आणि त्याचीच ही हकिकत आहे.

शस्त्रक्रियेला लागणारी हत्यारं मोठ्या स्टीलच्या ट्रेमध्ये मांडून येतात. कुठल्या शस्त्रक्रियेला कुठला ट्रे, हे ठरलेलं असतं. आणि ट्रेमध्ये हत्यारांची जागाही ठरलेली असते: जे आधी लागणार ते आधी. शस्त्रक्रिया चालू असताना डॉक्टर मान वर न करता हात पुढे करतात आणि नर्स मान न वळवता त्या हातावर हत्यार ठेवते. तिला जागा पाठ असते. हे ट्रे जिथे धुऊन, कडक वाफेतून काढून पुन्हा भरतात त्या विभागासाठी ठकीने वर्गातून परतल्या परतल्या प्रोग्राम लिहिला. रोज सकाळी प्रत्येक ट्रेचा एक कागद छापून यायचा, आणि भरणाऱ्या बायका त्या क्रमाने हत्यारं मांडायच्या.

आता, ज्या भाषेत ती प्रोग्राम लिहायची त्या भाषेत यादी नावाचा एक तयार क्लास होता. त्याचं काम म्हणजे दुसऱ्या वस्तू आपल्या पोटात ठेवायच्या. अशा क्लासला कंटेनर म्हणतात. यादीत वस्तू घालता येते, काढता येते, मोजता येते. ठकीला ट्रेसाठी नेमकं तेच हवं होतं. मग तिने काय केलं? एक ओळ लिहिली की ट्रे हा यादीचाच एक प्रकार आहे. झालं. यादीला येणारं सगळं ट्रेला फुकट. मला आठवतं, त्या दिवशी ती लवकर घरी आली होती आणि गुणगुणत होती.

तो ट्रे वीसेक वर्षं बिनबोभाट चालला. मधल्या काळात हे गेले, मी पांढऱ्या केसांची झाले, ठकीने तीन चष्मे बदलले आणि निवृत्तीला काही महिने उरले. तिच्या जागी कुणीतरी तयार असावं म्हणून इस्पितळाने एक मुलगी घेतली. मुलगी म्हणजे पस्तिशीची बाई. आधीची कंपनी बंद पडल्यावर बरीच वणवण करून इथे लागली होती. वर्ष होत आलं तरी सगळे तिला "नवी" म्हणत. नवीची नोकरी अजून पक्की झाली नव्हती. नोकरीबरोबर तिला इस्पितळाच्या आवारात दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि तिथे ती आपल्या अंथरुणाला खिळलेल्या आईला घेऊन राहत होती. दुपारच्या सुट्टीत धावत जाऊन आईला कूस बदलून द्यायची आणि धावत परत यायची. हे मला ठकीनेच सांगितलं होतं, कौतुकाने. म्हणजे नवी तिला आवडत होती. पुढे जे झालं त्यामुळे मी जास्तच वैतागले, ते याच कारणाने.

खरेदी विभागाने एक यादी मागितली: कुठल्या ट्रेमध्ये काय काय आहे, अकारविल्हे. काम नवीकडे आलं. तिने पाहिलं, ट्रेला क्रम लावता येतो. यादीला येतो ना, म्हणून ट्रेलाही येत होता. तिने क्रम लावला, कागद छापला, खरेदी विभागाला दिला, घरी गेली. पण तो क्रम कागदापुरता लागला नव्हता. खुद्द ट्रेच अकारविल्हे झाले होते, आणि प्रोग्रामने रोजच्यासारखे संध्याकाळी ते तसेच जपून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेचे कागद त्या क्रमाने छापून आले.

ट्रे भरणाऱ्या बायकांच्या लक्षात आलं नाही का? आलं. पण त्यांना वाटलं नवा नियम निघाला असेल. इस्पितळात सारखे नवे नियम निघतात, आणि विचारायला गेलं की विचारणाराच मूर्ख ठरतो.

शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टरांनी हात पुढे केला आणि चिमट्याऐवजी हातावर कात्री आली. त्यांनी ती परत दिली, पुन्हा हात पुढे केला. पुन्हा भलतंच. मग काम थांबवून ट्रे नव्याने लावावा लागला. रुग्णाला काही झालं नाही, त्याला हे कधी कळलंही नसेल. पण डॉक्टर बाहेर आल्यावर जे बोलले ते तीन वॉर्डांनी ऐकलं. आणि मेट्रनबाई, म्हणजे नर्सांच्या मुख्य, थेट साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेबांनी ठकीला बोलावून सांगितलं: सोमवारपर्यंत लेखी द्या, चूक कशी झाली आणि कुणाची. नवीची नोकरी पक्की करायची की नाही ते त्यावरून ठरवू.

ठकी घरी आली ती फुत्कारतच. "इतका साधा विचार नाही करता येत? आधी प्रत काढायची, मग त्या प्रतीला क्रम लावायचा. मी वीस वर्षं तसंच करतेय!"

"तिला कुणी सांगितलं होतं का?" मी विचारलं. स्टुलावर नव्हते, म्हणून बोलायची मुभा होती.

"सांगायचं काय त्यात? ट्रेला हात लावायचा नाही हे कळत नाही?"

"मग लेखी काय देणारेस?"

"जे झालं ते."

"म्हणजे तिची नोकरी जाणार."

"मी घालवतेय का? मी काय केलंय? माझा ट्रे वीस वर्षं चाललाय, वहिनी. वीस वर्षं. आता जाता जाता मी लिहून देऊ की पायाच चुकला?"

हे वाक्य कुणी तिच्या तोंडी घातलं नव्हतं. मी पायाचं नावही काढलं नव्हतं. पण मला तिच्या चुका शोधायची सवय नाही, तिला दूध उतू जातंय हे सांगायची सवय आहे. मी गॅस बंद केला.

शनिवारी नवी घरी आली. हातात ओली छत्री, ती कुठे ठेवावी कळेना, म्हणून बोलणं संपेपर्यंत हातातच धरून उभी. माझ्या फरशीवर तळं झालं. मी तिला बसायला सांगितलं, ठकीने सांगितलं नाही.

"मॅडम, मी फक्त क्रम लावला."

"ट्रेला कुणी क्रम लावतं का?"

"लावता येत होता म्हणून लावला."

"येतं म्हणून काय वाटेल ते करशील?"

"तसं नाही मॅडम. पण लावायचाच नव्हता तर येत कशाला होता?"

"उलट उत्तरं देऊ नकोस."

"उत्तर नाही देत, विचारतेय." मग तिने छत्री या हातातून त्या हातात घेतली. "मला दुसरीकडे खोली मिळेल हो, तिसऱ्या मजल्यावर. पण आईला तिथवर चढवून न्यायचं कसं, ते मला सुचत नाही."

"चहा घेतेस?" ठकी म्हणाली. आमच्याकडे याचा अर्थ आता जा असा होतो.

नवी गेल्यावर मी फरशी पुसली. पुसताना मी जरा जास्तच आवाज केला असेन. ठकी म्हणाली, "तोंड का फुगवून बसलीस?" मी म्हटलं, "मी बसलेली नाही, वाकलेली आहे." त्या दिवशी आमचं याहून जास्त बोलणं झालं नाही.

रविवारी दुपारी जेवणानंतर ती कागद घेऊन स्वयंपाकघरात आली. "वहिनी, बस."

"मला झोपायचंय."

"बस म्हणते ना. लेखी द्यायचंय ते नीट जमत नाहीये. बोलू नकोस."

मी बसले. स्टूल आखूड पायावर कलंडलं, मी सावरले, हात मांडीवर घेतले. मनात म्हटलं, आता या वयात एका माणसाला नोकरीवरून काढायचा मजकूर मी ताठ बसून ऐकायचा. नन्सनी यासाठी नव्हतं शिकवलं.

"तर," ठकीने फेरी सुरू केली, "साहेबांना आधी समजावून द्यायला हवं की ट्रे म्हणजे काय. ट्रे ही यादी आहे. म्हणजे यादीला जे जे येतं ते ट्रेला येतं. वस्तू घालणे. हे ट्रेला हवंच. वस्तू काढणे. हवंच, हत्यार मोडलं तर बदलायला. मोजणे. हवं, शेवटी मोजून घेतात, रुग्णाच्या पोटात काही राहायला नको. क्रम लावणे..." ती दारापाशी थांबली. "क्रम लावणे. हे आहे. पण ते वापरायचं नसतं. वापरायचं तर प्रत काढून. हे मला माहीत आहे."

ती परत वळली. माझ्याकडे पाहिलं. मी ओट्याकडे पाहत होते.

"मला माहीत आहे म्हणजे ते कुठेतरी लिहिलंय असं नाही. पण ते कळतं. पुढे. दोन याद्या जोडणे. दोन ट्रे जोडणे..." इथे आवाज जरा खाली आला. "दोन रुग्णांचे दोन ट्रे एकाला एक जोडणे. बरं. ते कुणी करत नाही. यादी रिकामी करणे. सरसकट. बरं. यादी उलटी करणे. म्हणजे ट्रे उलटा..."

मला हसू आलं. मी ते दाबलं, खरंच दाबलं, पण माझ्या डोळ्यांसमोर मेट्रनबाई उभ्या राहिल्या, स्टीलचा ट्रे दोन्ही हातांनी धरून, आणि तो उलटा केल्यावर होणारा खणखणाट मला ऐकू आला. स्टुलाचा आखूड पाय टकटक वाजू लागला.

"हसू नकोस!"

मी तोंडावर हात धरला.

"बोलू नकोस म्हटलं होतं ना?"

मी मान हलवली, की बोलले नाही. आणि ती पाहतच राहिली. माझ्याकडे नव्हे, स्टुलाच्या त्या वाजणाऱ्या पायाकडे.

"ट्रे उलटा करता येतो," ती हळूच म्हणाली. "माझ्या ट्रेला उलटं व्हायला येतं. मी दिलंय ते. कुणी मागितलं नव्हतं." मग, "सायकल, वहिनी. सायकल हा चाकाचा प्रकार नव्हे."

नेहमीसारखी ती वाक्य टाकून निघून गेली नाही. समोरच्या खुर्चीवर बसली, चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "ट्रेमध्ये यादी आहे," ती म्हणाली. "ट्रे ही यादी नाही. यादी आत ठेवायची, दार बंद करायचं, आणि बाहेरून फक्त घालणं, काढणं, मोजणं एवढंच येऊ द्यायचं. मग कुणालाही क्रम लावताच आला नसता. त्या पोरीलाच काय, मलाही नसता आला. चार ओळी जास्त लिहायच्या होत्या. चार ओळींचा कंटाळा केला मी."

मला बोलायची परवानगी अजून मिळाली नव्हती, त्यामुळे मी उठून चहा ठेवला.

सोमवारी साहेबांच्या खोलीत काय झालं ते मला नवीकडून कळलं, कारण ठकी असल्या गोष्टी "दिलं लिहून" या दोन शब्दांत उरकते. साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण चूक कुणाची?"

"माझी."

"पण क्रम तर हिने लावला ना?"

"लावता येईल असं मी ठेवलं होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि इतकी वर्षं काही झालं नाही?"

"नाही."

"मग प्रोग्राम चांगलाच म्हणायचा की!" साहेब म्हणाले. नवी सांगते की त्या क्षणी मॅडमचा चेहरा पाहून तिला वाटलं, आता या साहेबांना स्टेपलर फेकून मारणार. पण ठकीने दात आवळून सांगितलं की प्रोग्राम चांगला नाही, तो आतून बदलावा लागेल, आणि मी जायच्या आत तो बदलायचा तर ही मुलगी मला लागेल, पक्की होऊन. साहेबांना आतलं काही कळलं नाही, पण ठकी जाणार आणि नंतर हे निस्तरायला कुणीच नसणार एवढं मात्र लगेच कळलं. नवीची नोकरी त्याच आठवड्यात पक्की झाली. दोन खोल्या राहिल्या.

पुढचे महिने माझ्या जेवणाच्या टेबलावर गेले. ट्रे हा यादीचा प्रकार आहे ही एक ओळ ठकीने पुसली, आणि संगणकाने चुकांची पानंच्या पानं दाखवली. जिथे जिथे कुणी ट्रेला यादी समजून वापरलं होतं तिथे तिथे तो अडला. शनिवार-रविवार दोघी टेबलावर, मध्ये वायरी, माझ्या टेबलक्लॉथवर पेनाचे डाग. मी ताट वाढायला गेले की दोन हात एकदम वर: "थांबा!"

"हे कुठल्या गाढवाने लिहिलंय?" ठकी एकदा ओरडली. "ट्रेच्या मधोमध रिकामी जागा घुसवलीय!"

"मॅडम, खाली आद्याक्षरं आहेत."

"कुणाची?"

नवीने पडद्यावर बोट ठेवलं. ठकीने वाकून पाहिलं. "हं," ती म्हणाली. "पुढचं बघू."

शेवटी सगळं जुळलं. ट्रेच्या पोटात यादी गेली, बाहेर तीन-चार गोष्टींपुरतं दार राहिलं. खरेदी विभागाने पुन्हा अकारविल्हे यादी मागितली तेव्हा ट्रेने नवीला आपली एक प्रत दिली, आणि तिने तिला हवं ते केलं. सकाळचे कागद जसेच्या तसे छापून आले. चिमट्याच्या जागी चिमटा, कात्रीच्या जागी कात्री.

निरोपसमारंभाला मी गेले होते. मेट्रनबाई भाषणाला उभ्या राहिल्या. "आमच्या मॅडमनी केलेला ट्रेचा प्रोग्राम," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, पण त्याच्यात एक अक्षर बदलायची वेळ आली नाही!" टाळ्या पडल्या. ठकीने तोंड उघडलं. मी तिचं मनगट धरलं आणि जोरात दाबलं. शेजारी नवी खाली मान घालून खांदे गदगदा हलवत होती.

मला वाटलं होतं, निवृत्तीनंतर तरी स्टूल मोकळं होईल. मागच्या आठवड्यात नवीचा फोन आला. तिचं काहीतरी अडलं होतं.

"मॅडम, मी सांगते, तुम्ही फक्त ऐका. बोलू नका."

"बरं," ठकी म्हणाली. फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. नवीने सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला ठकी म्हणाली, "अगं पण तो क्लास मुळात..."

"मॅडम."

"हो, हो. सांग." पुन्हा अर्धं वाक्य. "पण मी काय म्हणते, ते आत ठेव ना!"

"मॅडम, बोलू नका म्हटलं ना!"

"मी कुठे बोलतेय? मी नुसतं सुचवतेय!"

पलीकडे मोठा उसासा ऐकू आला. मग नवी म्हणाली, "जरा वहिनींना देता?"

ठकीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच कट केला आहे, आणि फोन माझ्यापुढे धरला. माझे हात कणकेने भरलेले होते. मी ते पुसले, स्टूल ओढलं, आखूड पाय भिंतीकडे करून बसले आणि फोन कानाला लावला.

"बसलात?" नवीने विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. तिला कळलं आणि तिने सुरुवात केली. मागे गॅसवर दूध होतं, आणि ठकी दारात उभी राहून, दोन्ही हातांनी, ते आत ठेव, आत ठेव, अशा खुणा मला करत होती.